खालच्या टोकाचा माणूस

कपाट जिन्यातून वर न्यायचं असेल तर दोन माणसं लागतात, आणि त्या दोघांची कामं सारखी नसतात. वरचा माणूस उलटा चालतो, पायऱ्या बघतो, वळणं सांगतो. खालच्याला काहीच दिसत नाही. त्याच्या तोंडासमोर कपाटाची पाठ असते आणि वजन बहुतेक सगळं त्याच्याकडे असतं. वरचा म्हणतो, "पायरी." खालचा म्हणतो, "आलो." ते 'आलो' ऐकू आल्याशिवाय वरच्यानं पाऊल उचलायचं नाही, हा त्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. आमच्या समोरच्या दारात राहणारा माणूस बावीस वर्षं 'आलो' म्हणत होता.

त्याला सगळे टेकू म्हणायचे. खरं नाव वीजबिलावर छापलेलं असायचं, ते बिलापुरतंच. उंचीला बेताचा, रुंदीला दारभर, आणि मान शोधावी लागेल असा. सामान हलवणाऱ्या कंपनीत लागून आठवडाही झाला नसेल, तेव्हा जिन्यात वरच्याचा पाय घसरला आणि अख्खं कपाट याच्या अंगावर आलं. हा नुसता उभा राहिला. वरचा उठला, त्यानं निसटलेली चप्पल शोधली, पायात घातली, कपाट पुन्हा धरलं, तोवर हा उभाच, पडक्या भिंतीला टेकू लावावा तसा. नाव तेव्हा पडलं. बायको रागावली की म्हणायची, "बरोबर नाव ठेवलंय तुमचं. बोलून बोलून तोंड दुखलं तरी माणूस जागचा हलायचा नाही."

मी तिला वहिनी म्हणते. ती कपडे शिवायच्या कारखान्यात कॉलर जोडते. तिथे आत शिरताना फोन कुलपात ठेवावा लागतो, म्हणून त्यांच्या घरचा अडीअडचणीचा नंबर माझा. टेकूच्या कंपनीतही माझाच. "ताई घरीच असतात," हे त्याचं कारण. पण घरी असणाऱ्या बाईला दिवसभर किती कामं असतात हे त्या दोघांना कळत होतं, उगाच हाक मारायचे नाहीत.

वहिनीचे वडीलही याच धंद्यातले आणि खालच्याच टोकाचे. लोखंडी कपाट होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधलं वळण होतं, आणि वरच्यानं 'आलो'ची वाट बघितली नाही. वहिनी तेव्हा बारा वर्षांची, तिचा भाऊ चारचा. "बाबांना आणलं तेव्हा आईनं आम्हाला शेजारी पाठवलं," एवढंच ती सांगते. अशा घरातल्या मुलीनं त्याच धंद्यातला नवरा कसा पत्करला, असं मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"मला बघायला डॉक्टर आले नव्हते, ताई," ती म्हणाली.

तो भाऊ मोठा झाला, चार ठिकाणी नोकऱ्या करून बघितल्या, कुठे धड टिकला नाही, आणि शेवटी मेव्हण्याच्या मागोमाग ट्रकवर चढला. वहिनीनं तीन दिवस घासाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी नवऱ्याला समोर बसवलं आणि एकच अट घातली. धाकटा वर राहील. आभाळ कोसळलं तरी त्यानं खालचं टोक धरायचं नाही.

"मी आहे तोवर नाही धरणार," टेकू म्हणाला.

"आणि तुम्ही नसलात म्हणजे?"

"नसायला मी कुठे चाललोय? चल, वाढ आता."

हा धाकटा आता बत्तीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, कपाळ मागे सरकत चाललेला. तरी सगळ्यांचा धाकटाच. नऊ वर्षं ही जोडी एकत्र चालली. खाली दाजी, वर धाकटा.

कंपनीत ज्याला खालचं टोक झेपेनासं होतं, त्याला 'कागदावर' बसवतात. कपबश्या, आरसे, फोटोच्या चौकटी कागदात गुंडाळायच्या आणि खोक्यात भरायच्या. अमका कागदावर गेला, असं मुकादम म्हणाला की बाकीचे क्षणभर गप्प होतात, कुणी गेल्याची बातमी आल्यासारखे. टेकूला कागदाची लाज वाटायचीच, पण भीती निराळी होती. तो कागदावर गेला की खालचं टोक रिकामं पडणार, आणि जोडीतला जुना माणूस तिथे उतरणार, कारण कंपनीची रीतच तशी. जुना माणूस म्हणजे धाकटा.

हे सगळं मला मागाहून जोडता आलं. त्या वेळी मला दिसलं ते एवढंच, की जिना चढताना टेकू मधल्या वळणावर थांबायला लागला. हातात काही नसताना. मी पायपुसणं झटकायला दारात यावं आणि तो कठडा धरून उभा असावा.

"काय टेकूभाऊ, दमलात?"

"छे हो ताई. कुणीतरी दोन पायऱ्या वाढवल्यात, त्या कुठल्या ते बघतोय."

खरी गोष्ट अशी, की त्याच्या उजव्या जांघेत एक गाठ आली होती, सुपारीएवढी. उभं राहिलं, खोकलं, ओझं उचललं की ती बाहेर यायची. आडवं झालं की आत जायची. दुखत नव्हती, म्हणजे तो दुखत नव्हती असं म्हणायचा. त्याचं दुखणं मोजायचं माप आणि आपलं माप एक नव्हे. त्यानं आपल्या मनानं निदान केलं, की पोट ढिलं पडलंय. गोणीची शिवण उसवली की दाणे बाहेर डोकावतात, तसं. शिवण घट्ट केली की झालं. आता मला वाटतं, निदानात त्याची फारशी चूक नव्हती. उपायात झाली.

डॉक्टरकडे जायचं त्याच्या मनात आलं होतं. पण कंपनीचा डॉक्टर म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठी म्हणजे मुकादम. बाहेरच्या डॉक्टरकडे गेला असता तर त्यानं रजा घ्यायला सांगितलं असतं, आणि रजेनंतर परत खालच्या टोकाला घेतलेला एकही माणूस त्यानं बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं बायकोला सांगितलं नाही, मेव्हण्याला तर नाहीच.

एका सुट्टीच्या दुपारी त्यानं आमचं दार वाजवलं. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"ताई, तुमच्या फोनमध्ये म्हणे सगळं सापडतं."

"हरवलेला चष्मा सोडून सगळं. काय हवंय?"

"पोटाचे व्यायाम. छोटे. आणि एकट्याला करता येतील असे, धरायला-बिरायला कुणी लागणार नाही असे."

मी त्याच्या पोटाकडे बघितलं. "सुटलंय कुठे तुमचं पोट? आमच्या घरात दाखवते या, सुटलेलं कसं असतं ते."

तो हसला. "सुटायच्या आधी बांधून ठेवतोय."

"कंबर दुखते का?"

"धरते जराशी," असं म्हणून तो जिन्याकडे बघायला लागला. माणूस जिन्याकडे का बघतो, हे मी विचारायला हवं होतं.

व्यायामाची जागा ठरलेली होती. कोपऱ्यावर टायरच्या दुकानाच्या डोक्यावर जिम आहे. तिथलं एकूणएक यंत्र टेकू आणि धाकट्यानंच वर चढवलेलं. जिमवाला तेव्हा खूश होऊन म्हणाला होता, केव्हाही या, दार उघडं आहे. चार वर्षं टेकू तिकडे फिरकला नाही. "दिवसभर वजनं उचलायची आणि वर हौसेनं आणखी उचलायची? एवढं काही डोकं फिरलं नाही माझं," असं म्हणायचा. आता मात्र त्यानं वेळ काढून ठेवली होती. दुपारच्या सुट्टीत ट्रक त्याच रस्त्याला उभा राहतो. डबा खाऊन, जिमचा जिना चढून-उतरून, घाम पुसून जे उरतं ते बारा मिनिटं. त्या वेळी जिममध्ये चिटपाखरू नसतं, जिमवाला पंख्याखाली खुर्चीत डुलक्या घेत असतो. छोटे का हे मला कळलं. एकट्याला का, ते कळलं नाही.

मला असली कामं आवडतात. दोन दिवस, रोजची कणीक मळून झाल्यावर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी फोनवर शोधत बसले. एकेक माणूस गुळगुळीत फरशीवर आडवा होऊन हसत हसत व्यायाम दाखवतो आणि आपल्याला बघूनच धाप लागते. त्यातले सोपे निवडले आणि तीन चिठ्ठ्या लिहिल्या, सहा मिनिटांची, आठाची आणि बाराची. इंग्रजी नावं त्याच्या काय कामाची, म्हणून बारशी मीच केली. कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ धरायचं, ती 'फळी'. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, तो 'पूल'. पाठीवरच झोपून उजवा हात आणि डावा पाय, मग डावा हात आणि उजवा पाय लांब करायचे, ते 'उलटं झुरळ'. आणि पाय सरळ ठेवून वरखाली करायचे, ती 'कात्री'. कशाला किती वेळ, मधे किती श्वास, सगळं लिहिलं.

प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. हर्निया असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर हे व्यायाम करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं. ती मी वाचली. चिठ्ठीवर जागा संपत आली होती, आणि मला वाटलं, असं सगळीकडेच छापलेलं असतं. पाककृती उतरवून घेताना शेवटचं 'मीठ चवीनुसार' आपण लिहीत नाही, तशी ती ओळ मी सोडून दिली.

टेकूनं चिठ्ठ्या वाचल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवल्या. "उलटं झुरळ बरं आहे. घरी रविवारी मी तसाच असतो, वहिनींना विचारा तुमच्या."

आणि मग जे झालं, ते त्या गाठीच्या स्वभावामुळे झालं. तो दुपारी जिममध्ये जायचा, सतरंजीवर आडवा व्हायचा, पूल करायचा, झुरळ करायचं. बारा मिनिटांनी चाचपून बघायचा तर गाठ गायब. ती जायची आडवं झाल्यामुळे. नुसता झोपून छताकडे बघत राहिला असता तरी गेली असती. पण त्याची समजूत झाली की व्यायामानं आत गेली. उठून ट्रकवर चढेपर्यंत ती परत यायची, तेव्हा त्याला वाटायचं की अजून कमी पडतंय. सहाची चिठ्ठी महिन्यात संपली. आठाची धरली. मग बाराची. जितकी गाठ मोठी होत गेली तितका तो जोर लावत गेला, आणि जितका जोर लावत गेला तितकी ती मोठी होत गेली. सुपारीचं लिंबू झालं.

मला वर तो येता-जाता सांगायचा, "ताई, फळी दीड मिनिट झाली हं." मी म्हणायची, "वा!" आमच्या घरातल्यांनाही मी त्याचं उदाहरण द्यायची. पन्नाशीला टेकलेला माणूस बघा, आणि तुम्ही बघा.

वहिनीला एक गोष्ट खटकली होती. ओझ्याच्या वेळी कमरेला बांधायचा रुंद पट्टा तो आता घरून बांधून जायला लागला, आणि पट्ट्याच्या आत, उजव्या बाजूला, जुन्या टॉवेलची घडी. ती घडी रोज धुवायला पडायची. "हे काय?" तिनं विचारलं. "पट्टा काचतो," तो म्हणाला. पट्टा बावीस वर्षांत कधी काचला नव्हता. ती घडी धूत राहिली.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी चौथ्या मजल्यावर लाकडी कपाट चढवायचं होतं, तीन दारांचं, जुनं, सुटं न होणारं. मला हे धाकट्यानं सांगितलं, आणि सांगताना तो सारखा आपल्या हातांकडे बघत होता.

"दुसऱ्या मजल्यापर्यंत ठीक होतं. तिसऱ्याच्या वळणावर मी म्हटलं, पायरी. दाजी काही बोललेच नाहीत. मी थांबलो. परत म्हटलं, पायरी. तर उशिरानं आलं. 'आलो.' पण आवाज त्यांचा नव्हता, ताई. विहिरीतून आल्यासारखा. मी म्हटलं, दाजी, टेकवू का? तर म्हणतात, टेकवू नको, चल. वळणात टेकवलं तर परत उचलणार नाही मी."

त्यानंतर सतरा पायऱ्या होत्या. धाकट्यानं सतरा वेळा 'पायरी' म्हटलं आणि सतरा वेळा 'आलो' आलं. कपाट चौथ्या मजल्यावर जागेवर ठेवलं, भिंतीला घासून रेघसुद्धा उमटली नाही. मग टेकू बाहेर आला, जिन्यात बसला आणि ओकला.

"डबा बाधला वाटतं," तो म्हणाला.

धाकटा म्हणाला, दवाखान्यात जाऊ. टेकू म्हणाला, कंबर धरलीये, मला जिमपाशी सोड, जरा पाय ताणले की सुटेल. पुढच्या घरी ट्रकची वाट बघत होते, मुकादमाचे दोन फोन येऊन गेले होते. आणि नऊ वर्षं धाकटा ज्या माणसाच्या 'आलो'वर विसंबून उलटा चालला होता, त्याच्या शब्दावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती. त्यानं जिमपाशी सोडलं.

सव्वातीनला माझा फोन वाजला. जिमवाला होता. "तुमचा नंबर त्यांनीच दिलाय. जरा येता का? ते एक वाजल्यापासून झोपलेत, आणि उठत नाहीत."

मी गॅस बंद केला की नाही हे मला आजही आठवत नाही. टायरच्या दुकानावरचा तो जिना मी कशी चढले तेही नाही. आत यंत्रं ओळीनं उभी, आरसे, रबराचा वास, आणि पंख्याखालच्या सतरंजीवर टेकू. चेहरा राखेसारखा. उशाशी माझी बारा मिनिटांची चिठ्ठी, उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर एक किलोचं छोटं वजन ठेवलेलं. माझं गोल गोल अक्षर.

त्यानं डोळे उघडले. "ताई, बाराची चिठ्ठी तीनदा केली. आत जात नाहीये."

"काय आत जात नाही?"

त्यानं पट्ट्यावरचा हात काढला. कपड्यावरून दिसत होतं.

माझी आजी अशा गाठीला अंतर्गळ म्हणायची. तिच्या तोंडून मी तो शब्द शंभरदा ऐकला होता. आणि फोनवर, त्या बारीक ओळीत, त्याचंच नवं नाव मी वाचलं होतं.

दवाखान्यात त्याला थेट आत नेलं. आतडं त्या फटीत अडकून आवळलं गेलं होतं, त्याचं रक्त बंद झालं होतं. ऑपरेशन तीन तास चाललं. बाहेर आल्यावर सर्जननं टोपी काढली आणि वीतभराहून जास्त आतडं कापून टाकावं लागल्याचं सांगितलं. वहिनी तोवर कारखान्यातून आली होती, अंगावर धाग्यांचे तुकडे तसेच.

"अडकल्याबरोबर आणलं असतं तर बहुधा कापावं लागलं नसतं," सर्जन म्हणाला. "हे दोन तास कुठे होते हे?"

धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

दोन दिवसांनी टेकू शुद्धीवर नीट आला तेव्हा त्याच सर्जननं विचारलं, "असले व्यायाम करायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तोंड उघडलं होतं मी.

"कुणी नाही," टेकू म्हणाला. "माझ्याच मनानं."

त्याला वाटलं असणार, आपण ताईंना वाचवलं. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

जखम चिघळली. ताप उतरेना. एकोणीस दिवस तो तिथे होता, आणि घरी आला तेव्हा दारात दोन्ही बाजूंनी जागा उरत होती. त्याला बघून मला रडू आलं नाही, त्या रिकाम्या जागेला बघून आलं.

त्याच आठवड्यात मी वहिनीला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या मीच लिहिल्या हे तिला ठाऊक होतं. तळाची ओळ ठाऊक नव्हती. ती भाजी निवडत होती, हात थांबले. मला वाटलं, आता दार दाखवेल, आणि दाखवावंही.

"तुम्ही लिहिलंत," शेवटी ती म्हणाली, "त्यांनी केलं. आणि मी रोज ती घडी धुतली, वाळत घातली, आणि विचारलं नाही. कुणी कुणाला काय म्हणायचं, ताई?"

त्यात क्षमा नव्हती. राग असता तर मला सोपं गेलं असतं. पुढचे कित्येक दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलायची. मी डबा द्यायची, ती घासून परत द्यायची, रिकामा. आमच्यात रिकामा डबा कधी परत जायचा नाही.

टेकूला डॉक्टरनं सांगितलं, पाण्याची भरली बादलीसुद्धा यापुढे नको. कंपनीनं त्याला कागदावर घेतलं. लोक म्हणाले, नशीब, काढून तर टाकलं नाही. तो आता कपबश्या गुंडाळतो. तिथल्या बायका चेष्टा करतात, "टेकूभाऊ, कप बांधताय की त्याला झोपवताय?" तो हसतो. पण ट्रक निघायच्या वेळी मान वर करत नाही म्हणे.

आणि ज्या गोष्टीसाठी हे सगळं केलं, ती त्याच्या डोळ्यांदेखत झाली. तो येईतो खाली बदली माणूस होता; तो कागदावर बसला त्याच दिवशी मुकादमानं धाकट्याला बोलावलं आणि म्हणाला, "उद्यापासून खाली तू." वर दुसऱ्या ट्रकवरचा एक माणूस दिला.

त्या संध्याकाळी समोरच्या घरात जे बोलणं झालं ते बंद दारातून सगळं ऐकू आलं.

"सोड ती नोकरी," वहिनी म्हणत होती. "आजच सोड."

"सोडतो. आणि पोरींना काय सांगू? आत्याला भीती वाटते म्हणून उपाशी झोपा?"

"बाबांचं काय झालं माहीत आहे ना तुला?"

"मी चार वर्षांचा होतो, ताई. मला फक्त तुझं रडणं माहीत आहे." जरा वेळानं तो म्हणाला, "वरच्याला मी सांगून ठेवलंय. माझं 'आलो' आल्याशिवाय हलायचं नाही."

"बाबांच्या वरच्यालाही माहीत होतंच," ती म्हणाली. मग भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आपल्याला बोलायला तोंड उरलं नाही, असं टेकूला वाटत असावं.

पंधरा दिवसांनी वहिनी माझ्या दारात आली. हातात एक कोरा कागद आणि पेन. "धाकट्याची कंबर दुखतेय," ती म्हणाली. "जिमवाल्यानं त्यालाही यायला सांगितलंय. तुम्ही लिहून द्या."

"मी नाही लिहिणार."

"तुम्हीच लिहा. दुसरं कोण लिहिणार? तो आपल्या मनानं करेल मग." तिनं कागद ओट्यावर ठेवला. "खालची ओळ आधी लिहा. सगळ्यात वर. मोठ्या अक्षरात."

मी लिहिली. अर्धा कागद तीच झाली. उरलेल्या अर्ध्यात फळी आणि पूल मावले, झुरळ मावलं नाही. ते मी मुद्दाम मावू दिलं नाही.

पण टेकूचा कागदावर विश्वास उरलेला नाही. दर सोमवारी सकाळी, ट्रक यायच्या आधी, तो धाकट्याला घरी बोलावतो. दवाखान्यात सर्जननं त्याची तपासणी जशी केली होती तशीच तो मेव्हण्याची करतो. दार लावून घेतो, त्याला उभं करतो, जांघेवर बोटं ठेवतो. पहिल्या वेळी धाकटा हसत सुटला होता. "दाजी, गुदगुल्या होतात! लोक काय म्हणतील?" आता हसत नाही. मजल्यावर सगळ्यांना वाटतं, त्या घरात कुणाला तरी जुना खोकला आहे.

गेल्या सोमवारी मी दाराबाहेर पायपुसणं झटकत होते.

"खोक," आतून टेकूचा आवाज.

धाकटा खोकला.

"दुसरी बाजू. खोक."

खोकला.

मग काहीच नाही. दर वेळी इथे 'जा' येतं. आलं नाही. "परत खोक," टेकू म्हणाला. "जोरानं." धाकटा खोकला. पुन्हा शांत. माझ्या हातातलं पायपुसणं तसंच राहिलं. किती वेळ गेला सांगता येत नाही, कुकरची एक शिट्टी होईल एवढा तरी गेला असेल.

"जा," टेकू म्हणाला.

मी श्वास सोडला, तेव्हा खाली मधल्या वळणावर कुणीतरी हललं. वहिनी होती, खांद्याला डब्याची पिशवी. कामावर जायला ती दहा मिनिटांपूर्वीच निघाली होती. तिनं वर माझ्याकडे बघितलं, कठड्यावरचा हात काढला आणि जिना उतरायला लागली.